माळव्यातील इव्हँजेलिकल ख्रिस्ती विचार : संस्कृती, राज्यसत्ता आणि सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य
(धार व देवास जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

उर्दू जाणणाऱ्या वाचकाला 'इंजील' हा शब्द परका नाही. कुरआनात हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्याशी जोडून येणारा हा शब्द मुळात 'शुभवार्ता' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. आज जगभर ज्या ख्रिस्ती प्रवाहाला 'इव्हँजेलिकल' म्हटले जाते, त्याचे नावही त्याच ग्रीक शब्दावरून पडले. मराठी ख्रिस्ती परंपरा त्यासाठी 'सुवार्ता' किंवा 'शुभवर्तमान' हे शब्द वापरते. शब्दाचे मूळ इतके जवळचे असूनही या प्रवाहाविषयी आपल्याकडील अध्यापकवर्गात पुरेशी माहिती आढळत नाही. 'ख्रिस्ती', 'मिशनरी', 'पाश्चात्त्य' आणि 'अमेरिकन' हे चार शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वर्गात धर्म आणि राजकारण यांचा विषय निघाला की या गोंधळाचे परिणाम दिसू लागतात.

प्रस्तुत लेखात पुराणमतवादी इव्हँजेलिकल विचारसरणी समकालीन संस्कृतीकडे व राजकारणाकडे कशी पाहते, याचा परिचय करून दिला आहे. त्यासाठी धार व देवास या माळव्यातील दोन जिल्ह्यांचा संदर्भ निवडला आहे. ही दोन्ही गावे पवार घराण्याच्या मराठा संस्थानांच्या राजधान्या होत. तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, मुस्लिम वस्ती जुनी आहे, भिल्ल-भिलाला समाज मोठा आहे आणि ख्रिस्ती समाज अगदी लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे ०.२९ टक्के होते. एखादी विचारसरणी बहुसंख्य असते तेव्हा काय बोलते आणि अत्यल्पसंख्य असते तेव्हा काय बोलते, हे पडताळण्यासाठी हा प्रदेश उपयुक्त ठरतो.

इव्हँजेलिकल म्हणजे कोण?

ख्रिस्ती धर्मात रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व प्रोटेस्टंट या तीन मोठ्या शाखा आहेत. इव्हँजेलिकल हा स्वतंत्र पंथ नसून प्रामुख्याने प्रोटेस्टंट शाखेतील अनेक पंथांतून वाहणारा प्रवाह आहे. प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, अँग्लिकन अशा सर्व मंडळ्यांत त्याचे अनुयायी आढळतात. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये या प्रवाहाची चार लक्षणे सांगितली. ती अभ्यासकांत सामान्यतः मान्य झाली आहेत.

१) बायबल हा अंतिम प्रमाणग्रंथ मानणे.
२) प्रत्येक व्यक्तीचे वैयक्तिक हृदयपरिवर्तन आवश्यक मानणे. ख्रिस्ती घरात जन्म होणे पुरेसे नाही, ही त्यामागील धारणा.
३) ख्रिस्ताच्या क्रुसावरील मृत्यूला तारणाच्या केंद्रस्थानी ठेवणे.
४) श्रद्धा कृतीत उतरवणे, म्हणजे प्रचार आणि समाजसेवा करणे.

ही लक्षणे लक्षात घेतली की या प्रवाहाची संस्कृतीविषयक व राजकीय मते कोठून येतात हे उलगडते. ग्रंथ अंतिम असेल, तर कुटुंब, विवाह, मद्यपान, शिक्षण हे सर्व विषय ग्रंथाच्या कसोटीवर तपासले जाणार. हृदयपरिवर्तन आवश्यक असेल, तर धर्म ही जन्माने मिळणारी ओळख न राहता निवडीची बाब होणार. पहिल्या मुद्द्यामुळे हा प्रवाह सामाजिक बाबतीत पुराणमतवादी ठरतो. दुसऱ्या मुद्द्यामुळे मात्र तोच प्रवाह जात, कुळ व परंपरा यांना आव्हान देणारा ठरतो. हे दुहेरी स्वरूप नीट ध्यानात न घेतल्यास पुढील इतिहासाचा अर्थ लागत नाही.

मराठी समाजातील याचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे निमूटपणे स्वीकारले नाही. आपली सद्सद्विवेकबुद्धी आणि बायबल या दोहोंच्या आधारे त्या वाद घालीत राहिल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेली धार्मिक जागृती जगभरच्या इव्हँजेलिकल व पेंटेकोस्टल वर्तुळांत प्रसिद्ध आहे. त्यांची श्रद्धा ग्रंथनिष्ठ आणि सनातनी वळणाची होती. विधवा, परित्यक्ता व दुष्काळग्रस्त मुली यांच्याविषयीचे त्यांचे कार्य मात्र त्या काळच्या सुधारकांनाही मागे टाकणारे होते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या व तेथून अनेक मुलींना घेऊन आल्या.

राजकारणाशी आलेले नाते

इव्हँजेलिकल प्रवाहाचा राजकारणाशी संबंध अलीकडचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळील क्लॅफम येथे राहणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स, हेन्री थॉर्नटन, चार्ल्स ग्रँट आदी मंडळींनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटमध्ये प्रदीर्घ लढा दिला. १८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात तो व्यापार बंद झाला. याच गटाच्या प्रयत्नांनी १८१३ च्या सनदी कायद्यात मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी करून देण्यात आली. एकाच गटाने एकीकडे गुलामांच्या मुक्तीसाठी आणि दुसरीकडे परधर्मीयांच्या धर्मांतरासाठी राज्यसत्तेचा आधार घेतला. पुढे या प्रवाहाविषयी जे कौतुक व जो संशय व्यक्त होत राहिला, त्या दोहोंचे मूळ येथे सापडते.

देवासच्या इतिहासाशी याचा एक धागा जुळतो. १९२१ मध्ये देवास (थोरली पाती) संस्थानचे महाराज तुकोजीराव यांचे खाजगी सचिव म्हणून काम करणारे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे त्याच हेन्री थॉर्नटन यांचे पणतू होते. फॉर्स्टर यांनी पूर्वजांची श्रद्धा सोडली होती. देवासच्या दरबारातील गोकुळाष्टमीचे वर्णन त्यांनी ज्या कुतूहलाने केले, ते क्लॅफमच्या मंडळींना रुचले नसते. १८१३ मध्ये पणजोबांच्या गटाने ज्या देशाचे दार धर्मप्रचारासाठी उघडून घेतले, त्याच देशात पणतू धर्मप्रचाराचा कोणताही हेतू न बाळगता आला.

अमेरिकेत या प्रवाहाचे वळण निराळे पडले. १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' या नावाने निघालेल्या पुस्तिकांतून आधुनिक विचारांविरुद्ध मूळ सिद्धान्तांचा पुरस्कार झाला. 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द तेथून रुळला. आज हा शब्द मुख्यतः मुसलमानांसाठी वापरला जातो, परंतु त्याचा जन्म अमेरिकन प्रोटेस्टंटांच्या आपसांतील वादात झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवी. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर खटला झाला. शिक्षकाला दंड झाला, पण वृत्तपत्रांतून सनातनी पक्षाची खिल्ली उडाली. त्यानंतर हा वर्ग राष्ट्रीय चर्चेतून बराच काळ मागे सरला आणि आपल्या शाळा, प्रकाशने व नभोवाणी केंद्रे उभारण्यात गुंतला.

१९७० च्या दशकात चित्र पालटले. शाळांतील प्रार्थनेवरील निर्बंध, १९७३ चा गर्भपातविषयक न्यायालयीन निकाल, कुटुंबव्यवस्थेतील बदल आणि वर्णभेद पाळणाऱ्या खाजगी धार्मिक शाळांच्या करसवलतींचा वाद, ही कारणे अभ्यासक देतात. यांपैकी कोणते कारण प्रमुख याविषयी मतभेद आहेत. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना स्थापन केली. तेव्हापासून गौरवर्णीय इव्हँजेलिकल मतदार रिपब्लिकन पक्षाचा भक्कम आधार बनले. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत यांपैकी पाचपैकी सुमारे चार मतदारांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा गर्भपातविषयक निकाल रद्द केला. पन्नास वर्षांच्या चळवळीचे ते फलित होते.

तथापि हा प्रवाह तेथेही एकजिनसी नाही. कृष्णवर्णीय मंडळ्यांची धार्मिक मते बहुतांशी तीच असून राजकीय कल वेगळा आहे. इव्हँजेलिकल वर्तुळातील प्रतिष्ठित मासिक 'ख्रिश्चॅनिटी टुडे' याने डिसेंबर २०१९ मध्ये संपादकीय लिहून ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असे म्हटले होते. सत्तेच्या जवळ जाण्याने सुवार्तेची विश्वासार्हता घटते, हा आक्षेप तेथील इव्हँजेलिकल मंडळीच नोंदवीत आहेत.

माळव्यातील आगमन

माळव्यात प्रोटेस्टंट मिशनचे संघटित कार्य कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने १८७७ मध्ये सुरू केले. जेम्स डग्लस इंदूर येथे आणि जे. फ्रेझर कॅम्पबेल महू व नंतर रतलाम येथे कार्यरत होते. संस्थानी मुलुखात प्रचाराला सहज मुभा मिळत नसे. शिक्षण आणि वैद्यकीय सेवा यांना मात्र दरबारांकडून सहसा सहकार्य मिळे. इंदूरचे ख्रिश्चन कॉलेज त्याच काळातील. धार येथे १८९५ च्या सुमारास मिशनचे ठाणे झाले आणि डॉ. मार्गरेट ओ'हारा यांनी तेथे स्त्रियांसाठी वैद्यकीय कार्य उभे केले. पुरुष डॉक्टरकडे जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशा पडदानशीन मुस्लिम व राजघराण्यांतील स्त्रियांसाठी अशा रुग्णालयांचे मोल मोठे होते.

याच काळात भिल्ल प्रदेशातही मिशन पोहोचले. डॉ. जॉन बुखॅनन यांनी अलीराजपूर संस्थानातील अमखुट येथे वस्ती केली. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९–१९००, चा 'छप्पनिया' दुष्काळ या इतिहासातील निर्णायक प्रसंग ठरला. अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला आली आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची पुढची पिढी ख्रिस्ती म्हणून वाढली. टीकाकारांच्या मते हे भुकेचा लाभ घेऊन केलेले धर्मांतर होते. मिशनच्या मते ती मरणाच्या दारातील मुलांची सुटका होती. दुष्काळात त्या मुलांपुढे दुसरा पर्याय काय होता, हा प्रश्न या वादात सहसा विचारला जात नाही.

१९२५ मध्ये कॅनडात मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन यांनी एकत्र येऊन 'युनायटेड चर्च ऑफ कॅनडा' स्थापन केले. एका गटाने विलीनीकरण नाकारले. माळव्यातील बहुतेक ठाणी युनायटेड चर्चकडे गेली आणि भिल्ल क्षेत्र प्रेस्बिटेरियनांकडे राहिले. फुटीची कारणे केवळ सिद्धान्ताची नव्हती. पुढे मात्र एक गमतीची विसंगती निर्माण झाली. युनायटेड चर्च उत्तरोत्तर उदारमतवादी होत गेले. १९३६ मध्ये त्याने स्त्रीला धर्मगुरुपदाची दीक्षा दिली आणि १९८८ मध्ये समलिंगी व्यक्तींनाही ते पद खुले केले. माळव्यातील मंडळ्या १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त सामील झाल्या. तेथील सामान्य ख्रिस्ती माणूस मात्र कुटुंब, विवाह व आचार याबाबत आजी-आजोबांना मिळालेल्या शिकवणुकीलाच धरून राहिला. शिकवण देणारे चर्च बदलले आणि शिकवण घेणारी मंडळी तिथेच थांबली, असा हा प्रकार आहे. 'पाश्चात्त्य' आणि 'ख्रिस्ती' हे समानार्थी शब्द नव्हेत, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

संस्कृतीविषयक भूमिका

१९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जगभरच्या इव्हँजेलिकल प्रतिनिधींची परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यात संस्कृतीविषयी स्वतंत्र कलम आहे. माणूस ईश्वराची निर्मिती असल्यामुळे त्याच्या संस्कृतीत सौंदर्य व चांगुलपणा आहे. माणूस पतित असल्यामुळे तिच्यात दोषही आहेत. म्हणून कोणतीही संस्कृती, पाश्चात्त्यसुद्धा, ग्रंथाच्या कसोटीवर तपासली पाहिजे, असे त्याचे सार आहे. मिशनांनी अनेकदा सुवार्तेबरोबर परकी संस्कृतीही लादली, अशी कबुलीही त्यात आहे.

धार जिल्ह्याच्या कुक्षी, मनावर, गंधवानी या भागांत हे तत्त्व व्यवहारात कसे येते ते पाहू. जिल्ह्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल जीवनात आजारपणात बडव्याला बोलावणे, देवाला बळी देणे, विवाहात वरपक्षाने 'दापा' देणे, मोहाची दारू आणि होळीपूर्वीचे भगोरिया हाट या गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या आहेत. इव्हँजेलिकल वा पेंटेकोस्टल मंडळीत आलेले कुटुंब सामान्यतः बडवा, बळी व दारू सोडते. दारू सुटल्याने सावकाराचे कर्ज कमी होते, मारहाण थांबते, मुले शाळेत टिकतात, हे लाभ अशी कुटुंबे आवर्जून सांगतात. गावाचे म्हणणे वेगळे असते. सामूहिक पूजेची वर्गणी न देणारा, बळीच्या जेवणात न बसणारा माणूस गावाच्या जीवनातून फुटून निघाला, असे गावाला वाटते. शेतीची कामे, पाऊस, रोगराई यांचे विधी तेथे सर्वांनी मिळून करावयाचे असतात.

या ठिकाणी धर्म कोठे संपतो आणि संस्कृती कोठे सुरू होते, हा प्रश्न उभा राहतो. विचारी इव्हँजेलिकल मंडळींनी भिली गीतांच्या चाली, ढोल व मांदल यांना भजनांत स्थान देऊन एक वाट काढली आहे. कडव्या मंडळ्यांना तेही मान्य नाही. मुस्लिम वाचकाला हा वाद अनोळखी वाटू नये. दर्गा, उरूस, लग्नातील रीतिरिवाज यांविषयी आपल्या समाजात इस्लाहच्या नावाने जे वाद शतकभर चालले आहेत, त्यांचा गाभा असाच आहे. ग्रंथाची शुद्धता आणि लोकजीवनाची ऊब यांचा मेळ कसा घालावयाचा, हा दोन्हीकडचा प्रश्न आहे.

सामाजिक नीतीच्या प्रश्नांवर तर निरनिराळ्या धर्मांतील सनातनी एकाच बाजूला उभे राहिलेले दिसतात. समलिंगी संबंधांविषयीच्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जी प्रकरणे गेली, त्यांत अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स व उत्कल ख्रिश्चन कौन्सिल यांच्याबरोबर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेर असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले.

राज्यसत्ता व कायदा

स्वातंत्र्यानंतर मिशनांकडे पाहण्याची सरकारी दृष्टी बदलली. १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या मध्य प्रदेशात विदर्भ होता, तर धार-देवास मध्य भारत राज्यात होते. १९५६ मध्ये समितीचा अहवाल आला. परदेशी पैसा, शाळा व दवाखाने यांच्या आडून धर्मांतर चालते, असे त्यात म्हटले होते. ख्रिस्ती संस्थांनी तो एकतर्फी ठरवला. त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाले आणि नागपूरला तयार झालेल्या अहवालाची छाया धार-देवासवरही पडली.

१९६८ मध्ये 'मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम' आला. बळ, कपट वा प्रलोभन यांनी केलेले धर्मांतर त्याने गुन्हा ठरवले. त्याला आव्हान देणाऱ्या रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये असा निर्णय दिला की, संविधानाच्या कलम २५ मधील 'प्रसार' म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे इतरांना समजावून सांगणे होय, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. संविधानतज्ज्ञ एच. एम. सीरवई यांनी या निकालावर कठोर टीका केली. ऐकणाऱ्याला निवड करण्याचा हक्क नसेल तर सांगण्याच्या हक्काला अर्थ काय, असा टीकाकारांचा मुद्दा आहे.

२०२१ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. त्यातील काही तरतुदी अध्यापकांना माहीत असाव्यात. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे लागते. स्त्रिया, अज्ञान व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबाबत शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. धर्मांतर बेकायदेशीर नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आहे. पैतृक धर्मात परतणे हे मात्र धर्मांतर मानले जात नाही. धर्मांतराच्या उद्देशाने केलेला विवाहही शून्यवत ठरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे पूर्वसूचनेच्या कलमाखाली सज्ञान व्यक्तींवर खटले न भरण्यास सांगितले. अनेक राज्यांच्या अशा कायद्यांना सर्वोच्च न्यायालयातही आव्हान दिले गेले आहे.

दुसरा कायदेशीर भेद अधिक सूक्ष्म आहे. धार जिल्ह्यातील भिल्ल माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याचा अनुसूचित जमातीचा दर्जा कायम राहतो, कारण त्या दर्जाला धर्माची अट नाही. देवासकडील बलाई समाजाचा माणूस ख्रिस्ती वा मुस्लिम झाला तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. त्या आदेशात १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली होती. म्हणजे माळव्यातील दोन जिल्ह्यांतील दोन गरीब माणसांना एकाच श्रद्धेची किंमत वेगवेगळी मोजावी लागते.

कायद्याबाहेरही तणाव आहेतच. देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात भूमिहीनांना सावकारीविरुद्ध संघटित करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या झाली. त्या कॅथलिक होत्या, इव्हँजेलिकल नव्हत्या. त्यांच्या कामाचा रोख कर्जमुक्ती व हक्कांवर होता. पुढे त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूर येथे कॅथलिक चर्चने त्यांना 'धन्य' घोषित केले. जानेवारी २००४ मध्ये झाबुआतील एका मुलीच्या हत्येनंतर उसळलेल्या हिंसेची झळ अमखुटच्या प्रोटेस्टंट मंडळीला बसली. रागावलेला जमाव कॅथलिक व प्रोटेस्टंट असा भेद करीत नाही.

मंगलवादी यांची मांडणी

भारतीय पुराणमतवादी इव्हँजेलिकल विचार समजून घ्यावयाचा तर विशाल मंगलवादी यांची नोंद घ्यावी लागते. १९४९ मध्ये जन्मलेले मंगलवादी मध्य प्रदेशातील छतरपूरचे. इंदूर विद्यापीठातून त्यांनी तत्त्वज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकन विचारवंत फ्रान्सिस शेफर यांच्या सहवासात ते राहिले आणि १९७६ पासून छतरपूरच्या खेड्यांत ग्रामविकासाचे काम केले. शेफर यांनीच अमेरिकन इव्हँजेलिकल वर्गाला गर्भपातासारख्या प्रश्नांवर राजकारणात उतरण्याची वैचारिक बैठक पुरवली होती. त्यामुळे अमेरिकेतील वैचारिक प्रवाह आणि मध्य प्रदेशातील खेडे यांना जोडणारा दुवा मंगलवादी यांच्या रूपाने दिसतो.

जानेवारी १९९४ मध्ये पुण्यात कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या बैठकीत अरुण शौरी यांनी व्याख्यान दिले आणि त्यातून त्यांचे मिशनऱ्यांवरील टीकात्मक पुस्तक निघाले. मंगलवादी यांनी १९९६ मध्ये पत्ररूप पुस्तकाद्वारे त्याला उत्तर दिले. आधुनिक भारतातील शिक्षण, देशी भाषांचा विकास व समाजसुधारणा यांमागे इव्हँजेलिकलांचा मोठा वाटा आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २०११ च्या पुस्तकात त्यांनी संपूर्ण पाश्चात्त्य संस्कृतीचा आत्मा बायबल आहे, असा दावा केला.

या मांडणीत तथ्यांश आहे. मराठी कोशरचना, मुद्रण, १८४२ मध्ये सुरू झालेले 'ज्ञानोदय', स्त्रीशिक्षण, ही उदाहरणे नाकारता येत नाहीत. महात्मा फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. तरीही दावा एकांगी होतो. युरोपात ग्रीक तत्त्वज्ञान व गणित पोहोचण्यात बगदाद, कुर्तुबा व तुलैतुला येथील विद्वानांचा वाटा होता. फुल्यांनी मिशनऱ्यांकडून प्रेरणा घेतली, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी स्वतःचा सार्वजनिक सत्यधर्म मांडला. एका ग्रंथाला सगळे श्रेय देताना इतरांचे ऋण विसरले जाते.

मूळ प्रश्न

आता दोन चित्रे शेजारी ठेवून पाहू. अमेरिकेत पुराणमतवादी इव्हँजेलिकल आपल्या नीतीला कायद्याचे पाठबळ मागतो. शाळा, विवाह, गर्भपात यांबाबत राज्याने धर्माच्या बाजूने उभे राहावे अशी त्याची अपेक्षा असते. माळव्यातील त्याचा श्रद्धाबंधू नेमके उलटे मागतो. राज्याने माणसाच्या अंतःकरणात डोकावू नये, श्रद्धेची नोंद जिल्हा कचेरीत करावयास लावू नये, बहुसंख्यांची संस्कृती म्हणजेच राष्ट्र असे मानू नये, अशी त्याची मागणी आहे. ग्रंथ एक, सिद्धान्त एक. संख्याबळ मात्र वेगळे.

यावरून इव्हँजेलिकलांना दांभिक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ही कसोटी सर्वच धर्मसमाजांना लागू पडते. अल्पसंख्य असताना जे स्वातंत्र्य आपण मागतो, ते बहुसंख्य असताना आपण दुसऱ्याला देऊ काय? मुस्लिम बहुसंख्य देशांतील धर्मांतरविषयक कायद्यांकडे पाहताना भारतीय मुसलमानालाही हा प्रश्न टाळता येत नाही. 'धर्मात जबरदस्ती नाही' हे कुरआनी तत्त्व आपण दोन्ही परिस्थितींत सारखेच मानले पाहिजे. इव्हँजेलिकल सिद्धान्तातही हे बीज आहे. श्रद्धा हृदयपरिवर्तनाने येत असेल तर ती कायद्याने आणता येत नाही आणि कायद्याने रोखताही येत नाही. त्या सिद्धान्ताशी प्रामाणिक राहणाऱ्याला राज्यसत्तेच्या मोहापासून दूर राहावे लागेल.

अध्यापनासाठी काही सूचना

१) 'ख्रिस्ती', 'कॅथलिक', 'इव्हँजेलिकल', 'पाश्चात्त्य' या संज्ञांचा भेद फळ्यावर मांडून मगच विषयाला सुरुवात करावी.

२) कलम २५ चा मूळ पाठ, १९७७ चा निकाल आणि २०२१ च्या कायद्याच्या तरतुदी विद्यार्थ्यांकडून वाचून घ्याव्यात. वृत्तपत्रीय मथळ्यांवर चर्चा करू नये.

३) धर्मांतराच्या चर्चेत धर्मांतर करणाऱ्या माणसाला केंद्रस्थानी ठेवावे. मिशनरी आणि विरोधक दोघेही त्याला अनेकदा अजाण समजतात. तो निवड करू शकतो, हे गृहीत धरून बोलावे.

४) वादविवादाच्या परंपरेचे दोन नमुने तुलनेसाठी घ्यावेत. १८५४ मध्ये आग्रा येथे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी व पाद्री फांडर यांच्यात जाहीर मुनाजरा झाला. १८६२ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी बायबलवर भाष्य लिहावयास घेतले. पहिला नमुना खंडनाचा, दुसरा समजून घेण्याचा. मौलानांनीही प्रतिपक्षाचे ग्रंथ व युरोपीय टीकाकारांची मते अभ्यासूनच वाद घातला होता, हे विद्यार्थ्यांना सांगावे.

५) वर्गात ख्रिस्ती विद्यार्थी असल्यास त्याला अमेरिकेच्या वा ब्रिटिशांच्या धोरणाचा जबाब विचारू नये. दुसऱ्या देशातील घटनांचा जबाब मुस्लिम विद्यार्थ्याला विचारला जातो तेव्हा त्याला काय वाटते, हे आपल्या संस्थांतील अध्यापकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

समारोप

पुराणमतवादी इव्हँजेलिकल विचार हा ग्रंथनिष्ठा व वैयक्तिक निवड या दोन खांबांवर उभा आहे. ग्रंथनिष्ठेमुळे तो संस्कृतीची चिकित्सा करतो आणि आचारात सनातनी राहतो. वैयक्तिक निवडीच्या आग्रहामुळे तो जन्माधारित व्यवस्थेला अस्वस्थ करतो. सत्ता जवळ असेल तेथे पहिला खांब उंचावतो आणि सत्ता दूर असेल तेथे दुसरा. धार-देवासच्या इतिहासात रुग्णालय आणि दुष्काळ, उदारमतवादी होत गेलेले चर्च आणि स्थिर राहिलेली मंडळी, भगोरिया आणि भजन, १९६८ आणि २०२१ चे कायदे हे सारे एकत्र आढळते. या विचाराशी सहमत होणे आवश्यक नाही. त्याचे अनुयायी ज्या स्वातंत्र्यासाठी न्यायालयात उभे आहेत, ते स्वातंत्र्य मात्र एकट्या ख्रिस्ती माणसाचे नाही. कलम २५ मध्ये 'सर्व व्यक्ती' असा शब्दप्रयोग आहे. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात धर्मस्वातंत्र्याचा पाठ शिकवताना त्या दोन शब्दांवर थोडा वेळ थांबणे हिताचे ठरेल.